आमची वाटचाल : अकरावीचा फॉर्म आणि आम्ही दोघं

भोसरीतली ह्यांची कंपनी २०१४ मध्ये बंद झाली. हिशेबाचे जे पैसे हातात आले, त्यातून आम्ही आकुर्डीत स्टेशनच्या बाजूला दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला. एक जुनं झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. बाहेर फ्लेक्स लावला : झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. अकरावीचा प्रवेश त्या ‘सर्व प्रकारां’मध्येच मोडत होता. मशीनकडे हे बघायचे, कीबोर्डवर मी.

दहावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस दुकानाबाहेर रांग असायची. शाळेतून मिळालेली माहिती पुस्तिका हातात, तिच्यातला लॉगिन आयडी आणि पासवर्ड. मी विचारायची, “पहिलं कॉलेज कुठलं टाकू? दुसरं?” पालक सांगायचे, मी त्या कॉलेजचा कोड टाकायची, प्रिंट काढून द्यायची. एका फॉर्मचे पन्नास रुपये, दहा मिनिटांचं काम. आपण मुलाची पुढची दोन वर्षं ठरवतोय, हे त्या गर्दीत माझ्या डोक्यातही यायचं नाही.

ते डोक्यात आलं २०१८ मध्ये. चिखलीहून एक वडील मुलीला घेऊन आले होते. मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली. मी वडिलांना विचारलं, ते म्हणाले, “ताई, जे नक्की मिळेल ते आधी टाका. हातचं जायला नको.” मलाही ते बरोबर वाटलं. जवळचं, कमी कट-ऑफचं कॉलेज मी एक नंबरला टाकलं आणि शिवाजीनगरचं एक कॉलेज चौथ्या क्रमांकावर. पहिली यादी लागली. तिला एक नंबरचं कॉलेज मिळालं. चौथ्या क्रमांकाच्या कॉलेजचा कट-ऑफ तिच्या गुणांपेक्षा खाली आला होता. पण नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर.

वडील चिडले नाहीत. मुलगी पहिल्यांदाच दुकानाच्या आत आली आणि तिने विचारलं, “ताई, खालचं पण मिळालं असतं ना?” मला हो म्हणावं लागलं. मी तिला फॉर्म भरताना एकदाही काही विचारलं नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही. ह्यांनी सकाळी एवढंच म्हटलं की हे काम करायचं तर नीट शिकून कर, नाहीतर फ्लेक्सवरून काढून टाकू.

मी शिकायचं ठरवलं. पुढचे सहा-सात महिने दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघं वह्या घेऊन बसायचो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या कॉलेजांचे कोड, शाखा, माध्यम, फेरीनिहाय कट-ऑफ हाताने उतरवून काढले. आज ते सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण त्या लाल कव्हरच्या तीन वह्या मी अजून ठेवल्या आहेत. हाताने लिहिल्यामुळेच काही गोष्टी दिसल्या, ज्या स्क्रीनवर कधी दिसल्या नसत्या.

उदाहरणार्थ, एकाच इमारतीत, एकाच नावाच्या कॉलेजात अनुदानित तुकडी वेगळी असते आणि विनाअनुदानित वेगळी. दोन्हींचे कोड वेगळे, फी वेगळी, कट-ऑफही वेगळा. अनुदानित तुकडीत मुलींना शिक्षण शुल्क लागत नाही. शेजारच्याच वर्गात विनाअनुदानित तुकडीची फी हजारांत असते. कोडमधल्या एका अंकाच्या फरकाने घरचं बजेट कोलमडू शकतं. फॉर्म भरून देणाऱ्या बहुतेक दुकानांत हा फरक कुणी सांगत नाही. आम्हीही सांगत नव्हतो.

आणि पसंतीक्रमाचं गणित. पालकांच्या मनात एक भीती घट्ट बसलेली असते : वर मोठं कॉलेज टाकलं आणि ते मिळालं नाही, तर खालचंही हातचं जाईल. तसं होत नाही. जागा गुणांवर मिळते. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि तुमच्या गुणांना जे पहिलं बसतं ते देतो. तिसऱ्या क्रमांकावर कॉलेज टाकलं म्हणून तिथे तुमचा नंबर मागे जात नाही. म्हणून यादी हवेपणाच्या क्रमाने लावायची, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने नाही. फक्त पसंत्या दहाच असतात, म्हणून दहाही आवाक्याबाहेरच्या टाकायच्या नाहीत. आम्ही साधारण दोन-तीन गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या थोड्या वरच्या, चार-पाच आसपासच्या आणि शेवटच्या दोन अगदी खात्रीच्या ठेवतो. एक नंबरला मात्र तेच कॉलेज, जे मिळालं तर मूल हसत जाईल. एवढं समजावून सांगायला पाऊण तास लागतो. २०१९ पासून आम्ही दहा मिनिटांत फॉर्म भरून देणं बंद केलं.

नेमकं त्याच वर्षी गेल्या वर्षीच्या कट-ऑफवर किती विसंबायचं, याचा धडा मिळाला. भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत गुण त्या वर्षी बंद केले होते. राज्य मंडळाचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. आमच्याकडे आलेली मुलं रडत होती, कारण २०१८ च्या कट-ऑफशेजारी आपले गुण ठेवले की कुठेच काही दिसत नव्हतं. सीबीएसईच्या मुलांचे गुण तसेच होते, त्यामुळे राज्य मंडळाच्या पालकांचा संताप वेगळाच. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. आता उलटं झालं. २०१९ चा कट-ऑफ बघून निर्धास्त बसलेल्यांना पहिल्या यादीत काहीच मिळेना. तेव्हापासून आम्ही एका वर्षाचा आकडा कुणाला दाखवतच नाही. तीन-चार वर्षांचे शेजारी शेजारी ठेवतो आणि त्या वर्षीचा निकाल कसा लागला तेही सांगतो.

२०२० आणि २०२१ ची आठवण काढली की आजही पोटात गोळा येतो. ९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली आणि दुसऱ्या यादीच्या तोंडावर अकरावीचे प्रवेश थांबले. ते नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू झाले. एसईबीसीचा, म्हणजे मराठा आरक्षणाचा, दाखला घेऊन बसलेली मुलं खुल्या प्रवर्गात आली. त्यांच्या याद्या आम्ही पुन्हा लावून दिल्या, पैसे न घेता. पुढच्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. अकरावीसाठी शंभर गुणांची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, जाहीर झाली होती. मुलांनी बंद केलेली पुस्तकं पुन्हा उघडली. आमच्या गाळ्यावरच्या माळ्यावर चार मुलं अभ्यासाला बसायची, कारण घरी एका खोलीत सहा माणसं. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने सीईटी रद्द केली. त्या चौघांपैकी एकाने विचारलं, “मग आम्ही अभ्यास कशाचा केला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ह्यांनी सगळ्यांना वडापाव आणला.

धंदा म्हणून हे वर्ष-दोन वर्षांपेक्षा जास्त टिकेल असं तेव्हा वाटत नव्हतं. झेरॉक्स बंद, शाळा बंद. त्याच काळात एका क्लासचा माणूस आला. म्हणाला, “मॅडम, सायन्सचं मूल आमच्याकडे पाठवा, प्रत्येक अॅडमिशनमागे तुमचं काय ते ठरवून टाकू.” त्याने सांगितलेली रक्कम आमच्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढी होती, आणि ती एका मुलामागे. त्यांचं एका ज्युनिअर कॉलेजशी ‘टायअप’ होतं. प्रवेश कॉलेजात, शिकवणं क्लासमध्ये, हजेरी कागदावर. अशा कॉलेजांमध्ये बायोमेट्रिक हजेरी लावा, असा शासनाचा आदेश २०१८ मध्येच निघाला होता.

आम्ही नाही म्हटलं. त्या दिवशी ह्यांचा आणि माझा वाद झाला, तोही सांगते, कारण घरात तेव्हा खरंच ओढाताण होती. पण अशा ठिकाणी गेलेला एक मुलगा आदल्याच वर्षी बारावीच्या प्रॅक्टिकलआधी आमच्याकडे जर्नलच्या झेरॉक्स काढायला आला होता. दोन वर्षांत त्याने ब्युरेट हातात धरला नव्हता. इंजिनिअर व्हायचं होतं त्याला. मी ह्यांना त्या मुलाची आठवण करून दिली. तेव्हापासून आमच्या भिंतीवर पाटी आहे : कोणत्याही कॉलेज अथवा क्लासकडून आम्ही पैसे घेत नाही. जे घ्यायचं ते पालकांकडून, आधी सांगून, पावती देऊन. ज्या पालकांची ऐपत नसते, त्यांच्याकडून झेरॉक्सचेच घेतो.

लोक विचारतात, तुम्ही वेगळं काय करता. एक गोष्ट करतो, ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. फॉर्म भरण्याआधी आम्ही कुटुंबाला प्रवासाची तालीम करायला लावतो. निगडीहून डेक्कनचं कॉलेज हवं ना, मग एका कामाच्या दिवशी, कॉलेजच्या वेळेला, मुलाने आणि आईने किंवा वडिलांनी खरोखर तिथे जाऊन यायचं. बस धरून किंवा लोकलने, आणि २०२३ पासून पिंपरीहून शिवाजीनगरपर्यंत मेट्रो आहे, तर तिने. रविवारी मोटारसायकलवरून जाऊन आलेलं चालत नाही. घरातून निघाल्याची आणि गेटवर पोचल्याची वेळ कागदावर लिहून आणायची. सात सव्वासातला भरणाऱ्या कॉलेजसाठी साडेपाचला निघावं लागतं हे कळलं की काही मुलं स्वतःच यादी बदलतात. काही मुलं मात्र तालमीहून येतात तीच डोळे चमकत : “काकू, लायब्ररी बघितलीत का तुम्ही तिथली?” अशा मुलाला मग पहाटे उठवायला कुणी लागत नाही.

नव्वदच्या वरच्या मुलांसाठी सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो पन्नास ते पासष्ट टक्क्यांच्या मुलांवर. त्यांचे पालक दुकानात येतात तेच मान खाली घालून. त्या मुलांसमोर वाटा कमी नसतात. कॉमर्स आहे, आर्ट्स आहे, दहावीनंतरची पदविका आहे, आयटीआय आहे. पदविका आणि आयटीआयचे अर्ज वेगळ्या संकेतस्थळांवर असतात, त्यांच्या तारखा वेगळ्या. अकरावीच्या यादीची वाट बघत बसून त्या हुकवतात लोक. आमच्याकडे एका मुलाचे दोन्ही-तिन्ही अर्ज एकाच दिवशी भरून होतात. तळवड्यात वर्कशॉप असलेले एक गृहस्थ मुलाला सायन्सच हवं म्हणून हटून बसले होते. मुलगा गप्प. मी वडिलांना चहा आणायला पाठवलं आणि मुलाला विचारलं. त्याला वडिलांच्याच वर्कशॉपमधलं लेथ मशीन आवडायचं. पण त्याने तसं सांगितलं तर वडिलांना वाईट वाटेल, असं त्याला वाटत होतं. आज तो आयटीआय करून वडिलांबरोबर उभा असतो. वडिलांनी मागच्या दसऱ्याला मशीनच्या पूजेला आम्हाला बोलावलं होतं.

२०२५ मध्ये केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सगळ्या महाराष्ट्राला लागू झाला आणि आमचं काम एका उन्हाळ्यात बदललं. जुन्नर, आंबेगावकडून फोन यायला लागले. तिथे तोवर प्रवेश म्हणजे गावातल्या कॉलेजच्या खिडकीवर जाऊन दाखला दिला की झालं. आता भाग एक, भाग दोन, पसंतीक्रम, फेरी हे सगळे शब्द त्यांच्यासाठी नवे. एका आजोबांनी विचारलं, “आमचं गावातलंच कॉलेज आहे, पोरगी त्याच शाळेत शिकली, तरी काम्प्युटर तिला दुसरीकडं धाडणार का?” त्यांना इनहाऊस कोटा, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी राखीव जागा, फोनवर चार वेळा समजावला. शेवटी आम्ही तीन रविवार गाडी करून तिकडे गेलो, देवळाच्या ओट्यावर बसून मोबाइलवर फॉर्म भरले. नेटवर्कसाठी एका मुलीला टेकडीवर उभं केलं होतं, ओटीपी आला की ती ओरडून सांगायची.

आज आम्ही चार जण आहोत. आमच्या भाचीने याद्यांचं काम पूर्ण हाती घेतलं आहे आणि पूर्वी आमच्याकडून फॉर्म भरून घेतलेला एक मुलगा बी.कॉम. करता करता संध्याकाळी येतो. झेरॉक्स मशीन अजून आहे, वर्षभराचं भाडं तेच काढतं.

आता कामाचं. दहावीची परीक्षा संपली की कागदांना लागा, निकालाची वाट बघू नका. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस, जे तुम्हाला लागू असेल ते सरकारी कार्यालयातून यायला वेळ लागतो. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तारीख बघून घ्या. खेळाचं प्रमाणपत्र असेल तर ते पडताळून घ्यावं लागतं. सायन्सला जाणाऱ्या आरक्षणाच्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करावा, बारावीच्या सीईटीनंतर धावपळ नको. निकालानंतर आम्ही सकाळी आठ ते रात्री नऊ उघडे असतो, दुपारीही बंद नसतो. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवासाच्या तालमीचा कागद घेऊन या. मुलालाही आणा. टेबलासमोरची मधली खुर्ची त्याची आहे, आई-वडिलांच्या खुर्च्या दोन्ही बाजूंना.