कपाटाची किल्ली आणि शकुंतलेची वही

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा मी ग्रंथपाल आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, पाच लोखंडी कपाटे, वर्तमानपत्रांसाठी एक तिरपे मेज आणि पावसाळ्यात खाली बादली ठेवावी लागते असा टिनाच्या छपराचा एक कोपरा. मुलांना वाचनाची गोडी लावण्यात ग्रंथपालाचा वाटा काय, असे मला पहिल्या सात-आठ वर्षांत कोणी विचारले असते, तर माझे उत्तर ऐकण्यासारखे नसते. पुस्तके सांभाळणे हेच मी माझे काम समजत होतो आणि पुस्तकांचे शत्रू माझ्या लेखी तीन होते: वाळवी, ओल आणि मुले.

या भीतीला कारण होते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार अनुदान मिळते. तपासणीला माणूस आला की दाखल नोंदवहीतला क्रमांक आणि कपाटातले पुस्तक यांचा मेळ बसला पाहिजे. ज्याचे मानधनच त्या अनुदानातून निघते, त्याला एक पुस्तक हरवले तरी रात्री झोप लागत नाही. म्हणून कपाटांना कुलूप, किल्ली माझ्या खिशात आणि बालविभाग सर्वांत वरच्या फळीवर, जिथे बालकांचा हात पोहोचणार नाही.

गंमत अशी की ग्रंथालय प्रशिक्षणाच्या परीक्षेत भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पाच सूत्रे मी घडाघडा लिहून आलो होतो. १९३१ साली त्यांनी मांडलेले पहिले सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत, त्यावर तर चांगली दोन पाने लिहिली होती. परीक्षा देऊन गावी परतलो आणि कपाटाचे कुलूप ओढून पाहिले, नीट लागले आहे ना.

कुलूप निघाले ते एका मुलामुळे. सहावीतला हा मुलगा रोज संध्याकाळी आजोबांना वर्तमानपत्र वाचायला घेऊन येई आणि त्यांचे वाचून होईपर्यंत कपाटाच्या काचेला नाक लावून आतल्या पुस्तकांची नावे पुटपुटत उभा राही. एकदा त्याने विचारले, "काकाजी, शकुंतलेचं पुस्तक हाये काय?" मी त्याला दुष्यंताच्या शकुंतलेची गोष्ट काढून दिली. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मेजावर ठेवत तो म्हणाला, "हे नाही जी, रेल्वेवाली."

यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आमची नॅरोगेज शकुंतला दारव्ह्यावरूनच जायची. कापूस वाहून नेण्यासाठी घातलेला तो मार्ग; १९९४ पर्यंत गाडीला वाफेचे इंजिन होते, पुढे डिझेलचे आले आणि आता कित्येक वर्षे गाडी बंद आहे. त्या मुलाने रूळ पाहिले होते, गाडी पाहिली नव्हती. माझ्या पाचही कपाटांत तिच्यावर एक ओळ नव्हती. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, हे रंगनाथनांचे दुसरे सूत्र. आणि हा पहिलाच वाचक असा आला होता की ज्याला नेमके काय हवे ते ठाऊक होते आणि माझ्याजवळ ते नव्हते.

मग आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांतून शकुंतलेची कात्रणे शोधण्याचे काम मी त्याच्याकडे दिले. त्यासाठी माळ्यावरचे गठ्ठे खाली काढावे लागले आणि कपाटेही उघडी ठेवावी लागली. चार दिवसांत त्याच्याबरोबर आणखी तिघे आले. कात्रणे संपली तेव्हा मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहायला सुरुवात केली. एकीच्या आजीने सांगितले होते की माहेरी जाताना गाडीतून उतरून, रुळालगतची बोरे वेचून पुन्हा त्याच गाडीत बसता येई. आजीच्या या सांगण्यात थोडी भर असावी, पण वहीत ते जसेच्या तसे आहे. कात्रणे शोधता शोधता ही मुले भलतीच पाने वाचत बसत, त्याकडे मी मुद्दाम दुर्लक्ष करू लागलो.

यानंतर मी उत्साहाच्या भरात एक मोठी चूक केली. जो पुस्तक वाचून त्याचा सारांश लिहून आणील, त्याला महिनाअखेर पेन बक्षीस, अशी योजना फळ्यावर लिहिली. आठवडाभरात बालविभागातील सर्वांत पातळ पुस्तकांवर उड्या पडल्या; एका सोळा पानी पुस्तकाचे अकरा सारांश आले, त्यांतले आठ अक्षरशः एकसारखे. शाळेत दिवसभर प्रश्नांची उत्तरे लिहून आलेल्या मुलाला वाचनालयातही उत्तरपत्रिकाच दिली, तर त्याने काय करावे? योजना पुसून टाकली. आता मूल पुस्तक परत करते तेव्हा मी फक्त इतकेच विचारतो की दुसरे याच्यासारखे देऊ की निराळे.

वाचनाच्या गोडीविषयी बोलताना भाषेची अडचण फारशी कोणी काढत नाही. आमच्याकडे गावात वऱ्हाडी, जवळच्या तांड्यावर, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीत, त्यांची गोरमाटी बोली. 'मले', 'तुले' बोलणाऱ्या मुलाला छापील 'मला', 'तुला' वाचताना प्रत्येक ओळीत आपण चुकीचे बोलतो अशी बारीक टोचणी लागते. तांड्यावरच्या मुलाला तर मराठी हीच शाळेची भाषा. म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवू लागलो, आणि अडले की वऱ्हाडीत सांगू लागलो. तांड्यावरची एक आठवीतली मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसे आणि मी वाचलेले त्याच्या कानात गोरमाटीत सांगे. पहिल्या दिवशी मी तिला गप्प राहा म्हणणार होतो. पाटीवर 'शांतता राखा' असे लिहिलेलेच होते. नंतर ती पाटी मी अभ्यासिकेच्या दारावर हलवली, कारण तिथे पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुले बसतात आणि त्यांना तिची खरोखर गरज आहे. ही मोठी मुले गोष्टीची पुस्तके वाचत नाहीत म्हणून त्यांना नावे ठेवणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांच्या डोक्यावर घराचा भार आहे.

वेळेचेही तसेच. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, ते योग्यच आहे; पण आमच्याकडे तेव्हा सोयाबीन काढणीला आलेले असते, पाठोपाठ कापसाची वेचणी, आणि निम्मी मुले आईबापांसोबत वावरात. आमचा खरा हंगाम उन्हाळा. विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात; तोवर मुलांपाशी वेळच वेळ असतो. मात्र मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकत असताना दुपारी बारा वाजता वाचनालय उघडून काय उपयोग? समितीला दोनदा विनवून मी उन्हाळ्याची वेळ सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर अशी करून घेतली. वेचणीच्या दिवसांत मात्र एका पत्र्याच्या पेटीत चाळीस पुस्तके भरून ती तांड्यावरच्या समाजमंदिरात ठेवतो, नोंद ती आठवीतली मुलगी ठेवते. ही युक्ती माझी नव्हे. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात गावोगाव अशा फिरत्या पेट्या जात असत.

पेटी परत येते तेव्हा पुस्तकांच्या पानांत कापसाचे तंतू असतात, कुठे हळदीचे बोट उमटलेले असते. पूर्वी अशा पुस्तकासाठी मी दंड आकारत असे. आता शनिवारी खळ शिजवतो: मैदा, पाणी आणि किडीसाठी चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, त्यामुळे खळ शिजवणे आणि चोपडणे माझ्याकडे. मुले पाने जुळवतात, दाबून धरतात, पाठीवर कापडी पट्टी बसवतात. स्वतः दुरुस्त केलेले पुस्तक मूल हमखास घरी नेते. बहुधा पट्टी टिकली की नाही हे पाहायला. गेल्या तीन वर्षांत सात पुस्तके हरवली. त्यांची यादी मी स्वतःच समितीपुढे ठेवली, थोडी कुरकुर झाली आणि ती रीतसर बाद करण्यात आली.

शकुंतलेची वही आता भरली आहे. ज्याने ती सुरू केली तो दहावीत आहे आणि वाचनालयात फारसा येत नाही. परवा आला तो दोन लहान पोरांना वही दाखवायला. तिला दाखल क्रमांक द्यावा असा त्याचा आग्रह पडला, म्हणून नोंदवहीत तिची नोंद केली. लेखकाच्या रकान्यात 'गावातील मुले' असे लिहिले. किमतीच्या रकान्यात काय लिहावे ते सुचले नाही. तिथे सध्या एक आडवी रेघ आहे.