इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना
आज सकाळी सावद्याहून यावलकडे जाताना, फैजपूरच्या अलीकडे, केळीच्या ट्रकला वाट देण्यासाठी गाडी कडेला घेतली आणि ती पुन्हा हललीच नाही. इंजिन व्यवस्थित चालू होते, गिअर नेहमीसारखा पडत होता, परंतु क्लच पूर्ण सोडला तरी ना गाडी पुढे सरके, ना इंजिन बंद पडे.

क्लचप्लेट गेली असावी, असेच मला प्रथम वाटले. फैजपूरहून आलेल्या मिस्त्रीभाऊंनी मात्र बोनेट उघडण्याआधी मला पहिल्या गिअरमध्ये हलकेच क्लच सोडायला सांगितले आणि स्वतः स्पीडोमीटरकडे पाहिले. गाडी उभी असताना काटा वर चढत होता. आमच्या जुन्या गाडीत हा काटा गिअरबॉक्सवरून चालतो. म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स आपले काम करत होते, शक्ती चाकापर्यंत पोहोचत नव्हती. त्यांनी खाली वाकून बॅटरी मारली, तेव्हा डाव्या ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याचे, आतले टोक गिअरबॉक्समधून निसटलेले, त्याच्या सांध्यावरचा रबरी बूट (ग्रीस आत धरून ठेवणारे आवरण) फाटलेला आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले दिसले. अशा वेळी गिअरमध्ये ठेवूनही गाडी थांबून राहत नाही, म्हणून त्यांनी हँडब्रेक ओढून चाकांना दगडही लावले.

बूट महिनाभरापूर्वीच चिरलेला होता आणि मी तो बदलणे पुढे ढकलत होतो, याची खंत वाटते. त्या एका चाचणीमुळे गिअरबॉक्स विनाकारण उतरवावा लागला नाही. मिस्त्रीभाऊंचे मनापासून आभार.