गालिबिए: आधी टेलिग्राफ, मग बाकीचं

गालिबिए ही फ्रान्सच्या आल्प्समधली उंच खिंड. तिचा सायकलवरचा चढ एक नाही, दोन आहेत, हे आधी डोक्यात पक्कं बसवावं लागतं. मॉरियेनच्या खोऱ्यात सां-मिशेल हे गाव ७१२ मीटरवर आहे. तिथून टेलिग्राफच्या खिंडीपर्यंत जवळपास बारा किलोमीटर चढ, सरासरी सात टक्के. मग व्हालवार गावापर्यंत पाचेक किलोमीटर उतार. आणि त्यानंतर अठरा किलोमीटरचा खरा गालिबिए, थेट २६४२ मीटरपर्यंत. एकूण चढाई २१०० मीटरच्या आसपास. पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या हिशेबात सांगायचं तर पायथ्यापासून सिंहगड साधारण साडेतीन वेळा, आणि त्यातला शेवटचा विरळ हवेत.

माझा मावसभाऊ ल्योंला नोकरीला आहे, त्याने हा रस्ता आधी केलेला. फोनवर त्याचं एकच पालुपद असायचं, "ताई, टेलिग्राफवर पाय राखून ठेव. बाकी सगळं आपोआप होतं."

सगळं आपोआप काही होत नाही, पण पाय राखायचं शिकायला मला पुण्यातच बराच वेळ द्यावा लागला. सिंहगडाचा रस्ता मध्येच एकदम उभा होतो, मग जरा सैल पडतो. आपण उठून पेडल मारतो, परत बसतो, श्वास घेतो. आल्प्समधले हे जुने रस्ते तसे नाहीत. तिथे चढ तासन्‌तास साधारण एकाच मापाचा राहतो, त्यामुळे शरीरही तासन्‌तास एकाच मुद्रेत राहतं. आधी मांड्या नाही, कंबर बोलायला लागते. म्हणून मी घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पुढच्या चाकाखाली दोन जाड लाकडी ठोकळे ठेवून बसायचे. सायकलचं तोंड वर आलं की बसण्याची ढब बदलते, हातांवरचा भार कमी होतो आणि कंबरेवरचा वाढतो. तसं तासभर न उठता पेडल मारत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. रविवारी पहाटे गाड्यांची गर्दी व्हायच्या आत सिंहगड लागोपाठ दोनदा-तीनदा, तोही मुद्दाम हळू. कोणी मागून येऊन पुढे गेलं तरी त्याच्या मागे जायचं नाही, हा त्यातला अवघड भाग.

सायकल पुण्याहून नेली नाही. विमानात खोका टाकायचा, तिकडे डिरेल्यर (साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) वाकलेला निघाला की धावपळ करायची, त्यापेक्षा तिथे भाड्याने घेतलेली बरी असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र आपले पेडल आणि आपली सीट बरोबर न्यावी, आणि क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) मधल्या अक्षापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं माप कागदावर लिहून ठेवावं. दुकानात गिअर नीट बघून घ्यावेत. मी पुढे ३४ आणि मागे ३४ दात मागून घेतले, म्हणजे पाय एकदा फिरला की चाकही एकदाच फिरतं. सपाटीवर तो गिअर हास्यास्पद वाटतो, पण अठराव्या किलोमीटरला त्याच्याशिवाय गत्यंतर नसतं.

सकाळी लवकर निघालो. आर्क नदी मागे टाकली की लगेच चढ लागतो, पायांना गरम व्हायलासुद्धा वेळ मिळत नाही. टेलिग्राफचा रस्ता जंगलातून जातो. सावली आहे, वळणं छान आहेत, अंगात दम आहे, आणि म्हणूनच तिथे जास्त जोर लागून जातो. आमचा नियम साधा होता: भावाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की गिअर एक पायरी हलका.

सायकलवाल्यांसाठी रस्त्याच्या कडेला दर किलोमीटरला छोटा खांब असतो. खिंडीचं नाव, आत्ताची उंची, अजून किती किलोमीटर आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ, एवढं त्यावर लिहिलेलं. मला हे खांब फार आवडले. आपल्या घाटात पुढच्या वळणामागे काय आहे हे पायांना कळतं तेव्हाच कळतं. इथे आठ टक्के लिहिलंय म्हटल्यावर मनाची तयारी आधी होते आणि दम त्या मापाने वाटता येतो.

एक गोष्ट मात्र मला कोणी आधी सांगितली नव्हती. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे हेअरपिनचा सगळा हिशेब उलटा होतो. आपल्याकडे डावीकडचं वळण आतून घ्यावं लागतं म्हणून ते उभं लागतं. तिथे उजवीकडचं वळण उभं आणि डावीकडचं मोकळं. सवय होईपर्यंत मी दर वळणाच्या आधी मनात 'उजवं, हलका गिअर' असं म्हणत होते.

टेलिग्राफची खिंड १५६६ मीटरवर आहे. तिथे न थांबता जॅकेट चढवून व्हालवारला उतरलो. या गावात दर उन्हाळ्यात गवत आणि पेंढ्याची शिल्पं करायची स्पर्धा असते. थांबलो ते खाण्यासाठी. तासाला साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि भूक लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. माझ्या जर्सीच्या खिशात शेंगदाण्याची चिक्की होती, तुकडे करून बटर पेपरमध्ये गुंडाळलेली. पाकीटबंद गोड एनर्जी जेल खाऊन जीव विटतो. चिक्कीने नाही विटत, पण ती जोरदार चढावर चावता येत नाही, म्हणून सपाट तुकडा आला की खायची.

व्हालवार सोडल्यावर काही किलोमीटरांत घड्याळावर १६४६ हा आकडा आला. कळसूबाईची उंची. महाराष्ट्रात याच्या वर जमीनच नाही, आणि इथे अजून हजार मीटर बाकी होते. मी भावाला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "मग आता श्वास मोजून घे."

झाडं संपली की दरी लांबलचक उघडते. रस्ता सरळ दिसतो, सपाट वाटतो, आणि वेग मात्र वाढत नाही. समोरून वारा. १९६१ मीटरवर प्लां लाशा येतं, तिथे पूल ओलांडून रस्ता उजवीकडे वळतो आणि उतारावरच्या कुरणांत वळणं घेत चढायला लागतो. खडकांतून मार्मॉट, म्हणजे डोंगरातल्या मोठ्या खारी, शीळ घालत होते. पुढे ले ग्रांज इथे इटालियन सायकलपटू मार्को पंतानीचं स्मारक आहे. १९९८ च्या टूर द फ्रान्स शर्यतीत थंडगार पावसात त्याने इथूनच वेग वाढवून हल्ला केला आणि त्या दिवशी जर्मनीच्या यान उलरिखला जवळपास नऊ मिनिटांनी मागे टाकलं. २०१३ च्या फ्रेंच सिनेटच्या अहवालात दोघांच्याही त्या वर्षीच्या नमुन्यांत ईपीओ हे बंदी असलेलं, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध सापडल्याचं बाहेर आलं. हे माहीत असूनही मी तिथे उतरले आणि त्या वळणांकडे नीट बघून घेतलं. लहान चणीचा तो माणूस हँडलचा खालचा भाग धरून चढायचा, आणि तो चढ किती टक्क्यांचा आहे हे आता माझ्या पायांना कळत होतं.

अडीच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या पाऊणपटीच्या आसपास येतो. चक्कर वगैरे काही आली नाही. फरक एवढाच की एकदा दम लागला की तो परत खाली बसत नाही. दोन सेकंद उठून पेडल मारलं तर त्याची भरपाई करायला पाच मिनिटं लागायची. म्हणून उठणं बंद.

शेवटच्या किलोमीटरला २५५६ मीटरवर बोगद्याचं तोंड लागतं. मोठ्या गाड्या आत जातात, सायकलींना वरून जावं लागतं. १९११ मध्ये टूर पहिल्यांदा या डोंगरावर आली ती या बोगद्यातूनच, आणि सगळ्यात आधी पोहोचला एमिल जॉर्जे. कच्चा रस्ता, बर्फाच्या भिंती, आणि गिअर म्हणावं असं काही नाही. टूरमध्ये डिरेल्यरला परवानगीच मिळाली १९३७ मध्ये. बहुतेक सगळे त्या दिवशी उतरून चालले होते. माझ्या मागच्या चाकावरचे ते ३४ दात बघून मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटला. वरचा किलोमीटर सगळ्यात उभा आहे. तिथे आम्ही दोघं बोललो नाही.

खिंडीवर जागा अगदी चिंचोळी. दक्षिणेला हिमनद्या अंगावर घेतलेलं ला मेझ शिखर, जवळजवळ चार हजार मीटर उंच. आपण आलो ती दरी उत्तरेला, पायाखाली. फोटो काढले, पण त्याआधी मी ओला बनियन बदलून कोरडा घातला, त्यावर जॅकेट, हातात लांब बोटांचे मोजे. दर हजार मीटरला हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी गार होते. घामाने भिजलेलं अंग तसंच उतारावर नेलं तर पाच मिनिटांत हात थरथरायला लागतात, आणि थरथरत्या हाताने ब्रेक नीट लागत नाही. या उतारावर सगळा भरवसा बोटांवर असतो. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबायचे, वळणात सोडायचे, बाहेरचा पाय खाली, नजर वळण जिथे संपतं तिथे. सतत हलका ब्रेक धरून ठेवला तर रिम किंवा डिस्क तापत राहते.

बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी आंरी देग्रांजचं दगडी स्मारक आहे. १९०३ मध्ये टूर सुरू करणारा हाच माणूस, आणि त्याचा या डोंगरावर विशेष जीव होता. तिथे दोन मिनिटं थांबून लोतारेच्या खिंडीत उतरलो, २०५८ मीटरवर. वहिनी गाडी घेऊन आधीच पोहोचली होती. थर्मासमधला चहा ओतत म्हणाली, "सायकली चढवू या का गाडीवर?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिथून ब्रियांसाँ गावापर्यंत अठ्ठावीसेक किलोमीटर, सगळा उतार. "नको वहिनी, तू हो पुढे," मी म्हणाले, आणि चहा संपवून परत हेल्मेट बांधलं.