तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोवरून नाव का सांगत नाही

"सर, नुसतं नाव सांगायला तुमचं काय जातं?" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. कुणाला जुहूच्या वाळूत लांबुळकं काहीतरी पडलेलं दिसतं, कुणाच्या इमारतीचा पाया खणताना हाड लागतं. फोटो येतो, खाली 'हे काय आहे?' आणि मी उत्तर द्यायचं सोडून प्रश्न विचारत बसतो. डोक्यामागे कल्ल्याची फट दिसते का? अंगावर खवले आहेत का? शेपूट वल्ह्यासारखी चपटी आहे का? समोरचा वैतागतो. बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला एक नाव सांगता येऊ नये?

सांगता येतं. फोटो उघडल्याबरोबर बहुतेक वेळा एक नाव मनात येतंच. पण वाम आणि समुद्रसाप लांबून सारखेच दिसतात. वाम मासा आहे, तिला कल्ले असतात, पाठीवरून शेपटीपर्यंत सलग पर असतो. समुद्रसापाला कल्ले नाहीत, पर नाहीत, शेपूट चपटी, आणि तो विषारी. माझ्या मनात काय आलं यावर विसंबून कुणी हात लावला तर? म्हणून विचारतो. मला भाव खायचा नसतो.

पण हे कारण अर्धंच आहे. उरलेलं आजवर कुणाला सांगितलं नाही.

तरुणपणी मी असा नव्हतो. प्रयोगशाळेत मुलं हाड समोर धरायची आणि मी नजर टाकून नाव सांगायचो. मणका दोन्ही बाजूंनी खोलगट, डमरूसारखा? मासा, तुमच्या सुरमईच्या तुकडीत रोज असतो तोच. खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची? सस्तन प्राणी. अनेक हाडं जोडलेली? सरीसृप. मुलांचे डोळे मोठे व्हायचे आणि मला ते आवडायचं. कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट तर मी दरवर्षी सांगायचो. पॅरिसजवळ मोंमार्त्रच्या जिप्समच्या खाणीत एक सांगाडा सापडला, निम्मा दगडात रुतलेला. दात आणि जबडा पाहून कुव्हिए म्हणाला, हा ओपोसमचा नातेवाईक, म्हणजे याच्या कमरेच्या हाडांपुढे दोन जादा हाडं असणार, पिशवीवाल्या प्राण्यांना असतात तशी. १८०४ साली साक्षीदारांसमोर त्यानं दगड कोरला आणि ती हाडं निघाली. त्या गोष्टीतला अंदाज मी रंगवून सांगायचो. त्यानं दगड कोरून खात्री करून घेतली, हा भाग एका वाक्यात उरकायचो.

२०१४ चा ऑगस्ट, नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी सातच्या सुमारास मी चर्चगेटहून बोरिवलीच्या गाडीत उभा होतो. वर्सोव्याहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. ओहोटीनंतर किनाऱ्यावर प्लास्टिक आणि तुटक्या जाळ्यांत एक हात सापडला होता. 'हात' हा शब्द त्याचा. फोटो आला. कातडी निघालेली, करडं पडलेलं मांस, त्यातून पसरलेली पाच बोटांची हाडं, टोकं तुटलेली. मनगटाच्या बारक्या हाडांची ओळ जागच्या जागी. मी फार तर अर्धा मिनिट पाहिलं असेल. "माणसाचा आहे," मी म्हणालो. "लहान मुलाचा असावा. पोलिसांना कळव."

पोलिसांना कळवायला सांगितलं ते योग्यच होतं, आजही तेच सांगेन. गर्दी होती, फोनचा पडदा लहान होता, हेही खरं आहे. पण अंधेरी अजून यायचं होतं. त्याच जूनमध्ये तिथून वर्सोव्याला जाणारी मेट्रो सुरू झाली होती. अंधेरीला उतरलो असतो तर तासाभरात ते हाड माझ्या हातात असतं. मी उतरलो नाही. मला घरी जायचं होतं.

रात्री झोप येईना म्हणून दोनच्या सुमारास फोटो संगणकावर मोठा करून पाहिला आणि बोटांची हाडं मोजली. माणसाच्या अंगठ्यात दोन, बाकीच्या बोटांत तीन-तीन. इथे अंगठ्याशेजारच्या बोटात, टोक तुटलेलं असूनही, पाच दिसत होती. मनगटाच्या वरची दोन हाडं आखूड, रुंद, एकमेकांना चिकटून, फळीसारखी चपटी. कोपरात वाकेल असा सांधाच नाही. हा वल्ह्यासारखा पर होता, समुद्रातल्या सस्तन प्राण्याचा. दुसऱ्या दिवशी खडकांपाशी बाकीचं कलेवर मिळालं. दात फावड्याच्या पात्यासारखे चपटे होते, डॉल्फिनसारखे निमुळते नव्हते. पाठीवर पर नसलेला पॉरपॉईज, डॉल्फिनचा भाऊबंद, आपल्या किनाऱ्याला नेहमी असतो तो.

पण मधली रात्र होऊन गेली होती. जुलैत वस्तीतला एक मुलगा लाटेनं ओढून नेला होता. कुणीतरी त्याच्या आईला किनाऱ्यावर आणलं. एक म्हातारा कोळी तेव्हाच म्हणाला होता, "हात नाय तो, वल्हं हाय." त्याचं कुणी ऐकलं नाही, कारण प्रोफेसरांनी सांगितलं होतं. जन्मभर जाळ्यातून हे प्राणी सोडवणाऱ्या माणसाची ओळख माझ्या एका फोनपुढे फिकी पडली.

सकाळी मी त्या बाईंकडे गेलो. मनगट, सांधे, हाडांची मोजणी, सगळं सांगितलं. मला काय वाटलं होतं कोण जाणे, सुटकेचा निःश्वास सोडतील असं बहुधा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तो अजून दर्यानच हाय?"

मला उत्तर देता आलं नाही. तो मुलगा पुढे सापडला का, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

नंतर कितीतरी दिवस मी स्वतःशी भांडत होतो. चूक डोळ्यांची नव्हती. तो पंजा माणसाचा वाटला कारण तो पंजाच आहे. वटवाघळाचा पंख, घोड्याचा पाय, देवमाशाचा पर आणि आपला हात एकाच आराखड्यातून आलेत, हे मीच फळ्यावर काढून शिकवलेलं. पण पाच बोटं पालीलाही असतात. सगळ्या घराण्यात असलेली खूण एकट्यादुकट्याची ओळख पटवत नाही. त्यासाठी फक्त त्याच शाखेत असलेली खूण लागते. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं १९५० मध्ये हे पद्धतशीर मांडलं, आणि मी ते परीक्षेला विचारत होतो. मला सगळं माहीत होतं आणि मी बोटं पाच आहेत एवढंच पाहिलं.

तोच विद्यार्थी मात्र मला सोडत नाही. तो म्हणतो, सर, तुम्ही 'माहीत नाही' म्हणाला असतात तरी त्या बाई रात्रभर तिथेच बसल्या असत्या. आणि हल्ली तुम्ही उत्तर देईपर्यंत लोक साप मारून मोकळे होतात, त्याचं काय? त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. घरात साप निघाला तर मी आता आधी 'लांब राहा, मारू नका, सर्पमित्राला बोलवा' एवढं लिहितो आणि मग विचारायला लागतो. हे पुरेसं आहे का, सांगता येत नाही.

आज सकाळी त्याचाच फोटो आलाय. गोराईच्या वाळूत सापडलेली कवटी, समोरून काढलेली. मनात नाव आलं आहे, ते मी त्याला कळवलेलं नाही. एवढंच लिहिलंय: उलटी कर आणि मागच्या मोठ्या भोकाचा फोटो काढ. कडेला गुळगुळीत गोल उंचवटा एक आहे की दोन, ते बघ. एक असेल तर सरीसृप किंवा पक्षी, दोन असतील तर सस्तन किंवा उभयचर. शेजारी रुपयाचं नाणं ठेव. आणि भरती यायच्या आत आसपास खालचा जबडा मिळतो का पाहा.