सोलापूरच्या आजींचा नमस्कार

तुळजापूरहून निघून दुसऱ्या दिवशी रूपाभवानीच्या देवळापाशी आलो, तेव्हा माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्काम करून पंढरीला जाते. आमची तीसेक जणांची दिंडी तिच्या मागं चालली होती.

मी सोलापूरचीच. पण राहायला जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या नव्या वस्तीत, आणि तेलुगू बोलणाऱ्या विणकर-विडी कामगारांच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरात पाऊल टाकायची वेळ त्याआधी आली नव्हती. त्या दिवशी एका पत्र्याच्या घरापुढं बसले. ओट्यावर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं. दिवसाला हजार विड्या वळायच्या म्हणजे मान वर करायला फुरसत नाही, तरी आजींनी सूप बाजूला सारलं होतं. नातीला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. नात गरम पाण्याचं घमेलं घेऊन आली.

"पाय दे माऊली."

मी पाय मागं घेतले. माझ्या आजीच्या वयाची बाई, तिनं माझे पाय धुवायचे? "नको हो, मी धुते," म्हटलं. आजी काही बोलल्या नाहीत. तांब्या हातात तसाच धरून बसल्या. त्यांचा चेहरा असा उतरला की मला कळेना, माझं काय चुकलं.

आमच्या दिंडीतले मृदंगवाले काका शेजारीच टेकले होते. हळूच म्हणाले, "त्यांना पंढरीला जाता येत नाही, पोरी. तुझे पाय जाणार आहेत. ते तरी त्यांच्या हाती दे."

मी पाय पुढं केले. कात्रीनं घट्टे पडलेली ती बोटं फोडांच्या कडेकडेनं इतकी जपून फिरली की मला रडू आलं. मग कडक भाकरी, शेंगाचटणी. उठताना त्या माझ्या पाया पडल्या, मी त्यांच्या.

मला मदत करायला आवडतं, असं मी समजत होते. घ्यायला मात्र येत नव्हतं. कुणी काही पुढं केलं की 'नको, कशाला' हेच आधी तोंडात. त्या 'नको'त नम्रपणा कमी आणि ताठा जास्त होता, हे त्या ओट्यावर समजलं.

पुढं तिऱ्हे, कामती. माचणूरला भीमेच्या काठी एका बाईंची चप्पल तुटली, मी माझा जादा जोड दिला. त्यांनी तो पायात घातला, "रामकृष्ण हरी" म्हणाल्या आणि चालू लागल्या. किती सहज घेतलं!

मंगळवेढ्यात दामाजीपंतांच्या देवळात बसले. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं भुकेल्यांना उघडून दिली, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. या वेळी पहिल्यांदाच त्या रांगेतली माणसं डोळ्यांपुढं आली. पदर पसरताना त्यांना काय वाटलं असेल? दामाजीपंतांनी त्यांच्याकडं कसं पाहिलं असेल? धान्याइतकंच त्या पाहण्यानंही पोट भरलं असेल, असं मला वाटतं.

पंढरपुरात दर्शनाची रांग संपता संपेना. चंद्रभागेत स्नान केलं आणि कळसाला हात जोडले. घरच्यांची नावं घेतली. मग आजी आठवल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"विठ्ठला, सोलापूरच्या आजींचा नमस्कार," एवढंच म्हटलं, आणि पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसून राहिले.