1967 ची फियाट डिलाइट: पत्र्याचं काम संपलं, इंजिन जागेवर बसलं

पावसाळ्याआधी पत्रा संपवायचा असं ठरवलं होतं, तो संपला. गाडी आता पुन्हा स्वतःच्या चार चाकांवर उभी आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स आत गेलेत, ब्रेकच्या लाइन पडल्यात, बॉडी करड्या प्रायमरमध्ये आहे. आतून गाडी पूर्ण रिकामी, फक्त स्टेअरिंग आणि एक पाट.

गाडीची ओळख थोडक्यात. फियाट 1100 डी, आपल्याकडे जिला 'डिलाइट' म्हणायचे ती. नोंदणी 1967 ची, नंबर जुना तीन अक्षरी. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि आरसी बुक तिन्ही जुळतात. गाडी घेतानाच पेन्सिल फिरवून दोन्ही नंबरांचे छाप काढून घेतले होते. हे जुळलं नसतं तर मी गाडी घेतलीच नसती, कारण मला ती नुसती चालती करायची नाही. 1967 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या, मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती, तशी करायची आहे.

'कुर्ल्याच्या' या शब्दावर माझा फार जोर आहे. जुन्या फियाटवर काम करणारी बरीच मंडळी संदर्भ म्हणून इटालियन पुस्तकं उघडतात, परदेशातून सुटे भाग मागवतात आणि शेवटी जी गाडी तयार होते ती भारतात कधी बनलेलीच नसते. सगळ्यात ठळक फरक इंजिनाचा. इटलीत तुरीनला, फियाटच्या मूळ कारखान्यात, 1962 पासून जी 1100 डी बनत होती तिचं इंजिन 1221 सीसीचं, 72 मिलिमीटर बोअरचं (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास). आपल्या डिलाइटला मात्र 1089 सीसीचंच इंजिन राहिलं, बोअर 68 आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 75. पुढे इटलीत 1966 मध्ये 1100 आर आली. तिला पुढे डिस्क ब्रेक आणि खाली फ्लोअर गिअर. आपल्याकडे तेव्हाही चारही चाकांना ड्रम आणि गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे 'ओरिजिनल फियाटचाच पार्ट आहे' असं सांगून कोणी डिस्कचा सेट दाखवला तर मी नम्रपणे नको म्हणतो. तो पार्ट खराच आहे, पण या गाडीचा नाही.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये उभी केलेली कंपनी. सुरुवात क्रायस्लर गटाच्या अमेरिकन गाड्या जोडण्यापासून झाली. पन्नाशीच्या दशकात फियाट 1100 आली. त्या पहिल्या गोल पाठीच्या गाडीला आपल्याकडे अजून लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणतात. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आणि 1964 च्या सुमारास डिलाइट. सत्तरच्या दशकात तिचीच आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. मूळ सांगाडा तोच राहिला, पण जाळी, दिवे, हँडल, डॅशबोर्ड, वायरिंग हे सगळं हळूहळू बदलत गेलं. म्हणून पद्मिनीचे भाग डिलाइटवर चढतात. चढतात म्हणूनच ते चढवले गेलेत, आणि ते ओळखून उतरवणं हे माझं अर्ध काम झालं आहे.

पत्रा

या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. त्यामुळे दरवाज्याखालची पेटी, म्हणजे सिल, गंजली की गाडीचा कणाच गेला. आमच्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या सिल बाहेरून गुळगुळीत दिसत होत्या. टोकदार हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द आला. लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, खरवडली तर आत पत्र्यावर पत्रा, त्यावर पुन्हा पत्रा, आणि सगळ्यात खाली मूळ सिलचा नुसता भुगा. जॅक लावायची जागा तर उरलीच नव्हती.

सिल कापायच्या आधी जे केलं ते सविस्तर लिहितो, कारण इथे घाई झाली की गाडी कायमची वाकडी होते. सगळे दरवाजे जागेवर ठेवले आणि प्रत्येक फट वर, मध्ये आणि खाली मोजून वहीत उतरवली. दरवाज्याच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेतली. मग दरवाजे काढून प्रत्येक चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरके आधार वेल्ड केले. गाडी चार ठिकाणी सपाट टेकवली, पाण्याच्या नळीने लेव्हल पाहिली. एकावेळी एकच बाजू कापली. नवीन सिल टाक्यांवर, म्हणजे छोट्या तात्पुरत्या वेल्डवर, धरली, दरवाजे पुन्हा लावले, फटी पुन्हा मोजल्या आणि मगच पक्कं वेल्डिंग. मिस्त्री पहिल्यांदा म्हणाले, "दादा, एवढं मोजून काय करणार? आपण डोळ्यांनी लावतो." मागचा दरवाजा हात न लावता, नुसत्या वजनाने बंद झाला तेव्हा तेच वही मागून घेऊन पुढच्या बाजूची मापं लिहायला लागले.

सिल आणि आधाराच्या चॅनेलना अठरा गेजचा पत्रा घेतला, फ्लोअरला वीस गेजचा. फ्लोअरच्या पत्र्यात ताकदीसाठी मूळ ज्या उठावाच्या रेघा असतात, त्या तशाच उठवून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ गेला. सपाट पत्रा ठोकून वर मॅटिंग टाकलं असतं तर कोणाला दिसलं नसतं. पण सपाट पत्रा चालत्या गाडीत डब्यासारखा वाजतो, आणि त्या रेघा कारखान्याने शोभेसाठी दिलेल्या नव्हत्या. मूळ गाडीत जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे भोकं पाडून प्लग वेल्ड केले आणि घासून सपाट केले. सलग वेल्डची जाड शिवण या गाडीत कुठेच नव्हती, म्हणून आताही नाही.

दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. चारही दरवाज्यांची ती भोकं जुन्या लांबीने आणि रंगाने बुजली होती. दरवाजे खालून का कुजतात याचं उत्तर तिथेच आहे. काचेवरून आत उतरलेलं पाणी जाणार कुठे? तुमच्याकडे कुठलीही जुनी गाडी असेल तर आज एक तार घेऊन ही भोकं मोकळी करा.

इंजिन

ब्लॉक मूळचाच आहे. कास्ट आयर्नचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, तीन मेन बेअरिंगचा क्रँक. बोअरला वरच्या बाजूला कडा पडली होती आणि माप पहिल्या ओव्हरसाइझच्या (मूळ मापापेक्षा मोठ्या पिस्टनच्या पहिल्या पायरीच्या) पुढे गेलं होतं, म्हणून 0.4 मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टनवर बोअर केलं. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइझ शेल (बेअरिंगच्या वाट्या) टाकले. हेडला ताव, म्हणजे वाकडेपणा, होता, तो कमीत कमी फेसिंगमध्ये (मशिनवर घासून सपाट करण्यात) काढला. ॲल्युमिनियमचं हेड दर वेळी थोडं थोडं फेस करत गेलं की शेवटी त्यात काही उरत नाही, तेव्हा मशिनवाल्याला 'जेवढं लागेल तेवढंच' हे समोर उभं राहून सांगावं.

ऑइल पंपाचं एक बुश आणि गिअर लिंकेजचे दोन छोटे भाग बाजारात मिळेनात. ते कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नमुना देऊन करून घेतले. तिथल्या लेथवरच्या माणसाने जुना भाग हातात घेऊन आधी झीज कुठल्या बाजूने झाली ते पाहिलं आणि माप झिजलेल्या जागेचं न घेता न झिजलेल्या जागेचं घेतलं. अशी माणसं जवळ असणं हे आपल्या भागातल्या गाडीप्रेमींचं मोठं भाग्य आहे.

कार्बोरेटर भारतात बनलेला सोलेक्स, मूळचा. त्याची बॉडी वाकली नव्हती, शाफ्टला फक्त नवीन बुश लागले. कॉइल-पॉइंटचं इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडायची जुनी यांत्रिक पद्धत, तसंच ठेवलंय. इलेक्ट्रॉनिक किट टाकायचा सल्ला अनेकांनी दिला. पण पॉइंट स्वच्छ असतील, अंतर 0.4 मिलिमीटरच्या आसपास नीट धरलं असेल आणि कंडेन्सर चांगला असेल, तर हे इंजिन अर्ध्या सेल्फला उचलतं. पॉइंट सेट करणं हा या गाडीबरोबर राहण्याचाच भाग आहे, आणि मला तो हवा आहे.

एका ठिकाणी मात्र मी आजच्या काळाचं ऐकलं. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरला ते फुगवतं, चिरतं. त्यामुळे पेट्रोलची नळी, पंपाचा डायाफ्राम आणि वॉशर इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे घेतले. नळीचा बाहेरचा व्यास आणि काळा रंग जुन्यासारखाच आहे, क्लिपाही जुन्या पद्धतीच्या. गाडीला आग लागू नये यासाठी केलेला बदल मी मूळपणाविरुद्ध धरत नाही. चारही चाकांना मागे-पुढे नवीन व्हील सिलिंडर, नवीन लायनिंग, नवीन होज हेही त्याच हिशेबात.

स्टेअरिंगवरचा गिअर

आधीच्या कुठल्यातरी मालकाने गिअर खाली आणून फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याला, म्हणजे बोगद्याला, भोक पाडलं होतं. ते भोक बुजवलं. स्टेअरिंगच्या दांड्यावरचं मूळ लिंकेज पुण्यात जुन्या बाजारात सुटं सुटं मिळालं, रॉड एका ठिकाणी आणि ब्रॅकेट दुसऱ्या ठिकाणी. हे लिंकेज बदनाम झालं ते झिजलेल्या बुशांमुळे. नवीन बुश आणि नीट ग्रीस मिळाल्यावर तिसरा गिअर दोन बोटांनी पडतो. खाली गिअर आणणाऱ्यांनी बुशांवर थोडे पैसे घातले असते तर गाडीच्या पोटाला भोक पाडावं लागलं नसतं.

सुटे भाग

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या टॅक्सींच्या जिवावर आपले सगळ्यांचे भाग मिळत होते, हे तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात ती खीळ), क्लच प्लेट, वॉटर पंप, पाटे हे टॅक्सीवाल्यांना रोज लागायचं म्हणून दुकानदार ठेवायचे. ऑपेरा हाउसच्या बाजूला आणि पुण्यात नाना पेठेत माल अजून आहे, पण तो जुन्या साठ्यातला. नव्याने फार कोणी बनवत नाही. ज्यांच्या गाड्या चालू आहेत त्यांनी किंगपिनचा एक सेट आणि ब्रेकच्या रबरांचे दोन सेट आजच घेऊन ठेवावेत.

डिलाइटचेच म्हणून जे भाग लागतात त्यात पुढच्या दरवाज्यातल्या त्रिकोणी काचेचं रबर सगळ्यात अवघड गेलं. पद्मिनीचं रबर जवळपास बसतं, पण माझ्या चौकटीत कोपऱ्यात फट राहते आणि पावसात पाणी थेट पायावर. शेवटी जुन्या रबराच्या तुकड्याचा आडवा छेद कागदावर काढून डाय करवून घेतली. खर्च झाला, पण आता हवा तेवढा माल काढता येईल.

हँडल आणि काही बिल्ले मझाकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे, आहेत. त्यांवर फोड आले की साधं क्रोम टिकत नाही. प्रत्येक फोड कोरून, तांबं चढवून, घासून, पुन्हा तांबं, मग निकेल, मग क्रोम असं करावं लागतं. बंपर लोखंडी, त्यामुळे ते सोपे गेले. प्लेटिंगवाल्याला मी आरशासारखी चमक नको असं सांगितलंय. गाडीबरोबर आलेल्या एका न वापरलेल्या हबकॅपची चमक नमुना म्हणून दिली आहे.

वायरिंग पूर्ण नवीन, जुन्या रंगांच्या वायरी आणि कापडी टेप वापरून. डायनॅमो काढून अल्टरनेटर टाकलेला नाही.

रंग

गाडी पांढरी म्हणून आली होती. डॅशबोर्डच्या मागे, दरवाज्याच्या पॅडखाली आणि डिकीतल्या मॅटखाली बारीक पॉलिश पेपरने हळूहळू थर उघडत गेलो. पांढऱ्याखाली मेटॅलिक, त्याखाली मरून, त्याखाली लाल प्रायमरवर टेकलेला फिकट निळसर राखाडी. तिन्ही जागी तळाचा थर एकच, म्हणजे तोच मूळ रंग. शेड जुळवायला डॅशबोर्डमागची जागा घेतली, कारण तिथे ऊन लागलेलं नाही. डिकीतला नमुना त्यापेक्षा पिवळट झाला आहे.

रंग सिंगल स्टेजचाच (रंग आणि चमक एकाच थरात) मारणार आहे, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चमकीचा थर, नाही. क्लिअर कोटची ओली, खोल चमक साठच्या दशकातल्या कुठल्याच गाडीला नव्हती, आणि ती दिसली की जाणकार माणूस दुरूनच मान फिरवतो. बोनेटच्या आतली बाजू आणि डिकीचा तळ बाहेरच्याइतका गुळगुळीत करणार नाही. कारखान्याने तिथे जेवढा रंग मारला होता तेवढाच, थोडा खरखरीत. सीटमध्ये स्प्रिंगवर काथ्या होता, तो काथ्याच परत भरणार. फोम नाही.

कागदपत्रं

2021 मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणी झाली तर 'व्हीए' अक्षरांचा नंबर आणि 20,000 रुपये शुल्क. नोंदणी दहा वर्षांची. मात्र अशी गाडी रोज कामावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कारणांसाठी ती बाहेर काढायची. दर रविवारी गाडी चालवणाऱ्याने याचा आधी विचार करावा. डिझेल इंजिन टाकलेल्या फियाटवाल्यांनीही मूळ इंजिन भंगारात घालण्याआधी हा नियम वाचावा.

पुढचं काम असं आहे. पाऊस सरल्याशिवाय रंग नाही, कारण हवेत दमटपणा असताना सिंगल स्टेज पांढुरका पडतो. तोपर्यंत सीट, छताचं कापड आणि मीटर. पुढच्या जाळीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. सध्या गाडीवर आहे ती पद्मिनीची, आणि मिळालेल्या दोन डिलाइटच्या जाळ्यांच्या मधल्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत. कोणाकडे 1966 ते 1968 मधली, कधीही न बदललेली जाळी असेल तर पट्ट्यांची संख्या आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर कळवावं. जाळी विकत नको, माप पुरेल.