कोबा वरून सुकला म्हणजे सुकला नाही (माझा अनुभव)

जुनी फरशी काढून नवा कोबा (सिमेंट-वाळूचा सपाट थर) करायचा आणि त्यावर लॅमिनेटचं वुडन फ्लोअरिंग टाकायचं, असं कोणाचं चाललं असेल तर हे आधी वाचा. कोबा करायला एक दिवस पुरतो, पण तो सुकेपर्यंत कोणी थांबू देत नाही. मला अजून त्याचा राग येतो.

आमचा फ्लॅट पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, तिच्या खोलीत दाराशी चढ नको आणि पायाला गार लागणारी फरशी नको म्हणून हा खटाटोप. फरशी उचलली तर खालचा माल इतका भुसभुशीत की बोटाने उकरला तरी वाळू सुटत होती. तो सगळा काढला, राडारोडा पोत्यांत भरून खाली नेला, सोसायटीची परवानगी वगैरे पटकन झाली.

मिस्त्री मामा मात्र खरा कामाचा माणूस. स्लॅबला टाचे मारले (ठोकून खडबडीत केला), धुऊन घेतला, लेव्हल पाइपने भिंतीवर खुणा करून ठिय्ये मारले (कोब्याची उंची दाखवणारे मालाचे छोटे ढिगारे). मग सिमेंटची स्लरी ओतून झाडूने पसरवली आणि ती ओली असतानाच वर माल टाकत गेले. स्लरी सुकू दिली तर कोबा स्लॅबला धरत नाही आणि नंतर ठोकला की पोकळ वाजतो, त्यामुळे एका वेळी थोडीच पसरवायची. माल 1:4, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, कोरडा दोनदा पालटून मग बेताचं पाणी. मामांनी मुठीत दाबून दाखवला, लाडवासारखा गोळा वळला आणि बोटांना पाणी सुटलं नाही, एवढाच ओला हवा. पातळ माल पसरायला सोपा जातो म्हणून बिगारी पाणी वाढवतात, ते करू देऊ नका, तेच पाणी पुढे सुकायला वेळ खातं आणि तडे जातात ते वेगळंच.

100 चौरस फुटाला 2 इंच जाडीत साधारण साडेतीन ते चार पोती सिमेंट आणि 18 घनफूट वाळू लागते. वाळू जाडसर घ्या, प्लास्टरची बारीक नको.

आता खरी कटकट. आधी कोबा ओला ठेवायचा असतो, मग सुकवायचा असतो, आणि या दोन गोष्टी कॉन्ट्रॅक्टरला एकच वाटतात. पोत्यावर पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) लिहिलेलं असेल तर किमान 10 दिवस पाणी हवं. मी गोणपाट टाकून सकाळ संध्याकाळ स्वतः मारलं, कारण त्याचा माणूस दुसऱ्या दिवसापासून गायब. सुकण्याचं घड्याळ पाणी थांबवल्यावर सुरू होतं आणि हिशेब साधारण असा की 50 मिलिमीटरपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस, म्हणजे 2 इंचाला सात आठवडे, तेही हवा कोरडी असेल तर. आमच्याकडे तर पावसाळा. ज्यांना तारीख निवडता येते त्यांनी हे काम दिवाळीनंतर काढा.

इकडे कॉन्ट्रॅक्टरचा रोज फोन, "सर, वरून पांढरा पडलाय, सुकला, माणसं पाठवू का?" फ्लोअरिंगवाला तर दुकानातूनच ओरडायचा की तुमचा माल गोडाऊनमध्ये पडून आहे, बाकीचे पैसे द्या आणि बसवून घ्या, खाली प्लास्टिक आणि फोम येतंच. अहो पण प्लास्टिक टाकल्यावर आतलं पाणी जाणार कुठे? ते कडेने वर येणार, पट्ट्यांचे सांधे फुगणार, आणि लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या भुशाचा, एकदा फुगला की परत बसत नाही. मी म्हटलं ठीक आहे, ओलीमुळे फुगलं तर बदलून देऊ असं बिलावर लिहून द्या. त्यावर गप्प. तिसऱ्या फोनला पण तेच विचारलं, पुन्हा गप्प.

मग मी दोन बाय दोन फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवला, चारी बाजूंनी टेप घट्ट मारली आणि रात्रभर सोडला. सकाळी कोपरा उचलला तर प्लास्टिकला आतून थेंब आणि खाली चौकोनी काळपट डाग, बाजूचा कोबा मात्र पांढरा खडखडीत. तो फोटो दोघांनाही पाठवला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला ब्लोअर लावून देतो. नको म्हटलं, घाईने तापवला की वरचा थर आधी आकसतो, तडे जातात, कडा उचलतात. फॅन चालू ठेवला, पाऊस नसेल तेव्हा खिडक्या उघड्या, मागून एसी ड्राय मोडवर. आणि मधून मधून तोच प्लास्टिकचा तुकडा, दरवेळी वेगळ्या जागी, भिंतीच्या कडेला पण, कारण कोपरे सगळ्यात शेवटी सुकतात. ज्या दिवशी तो कुठेही लावला तरी खाली कोरडं निघालं त्या दिवशी मीच फोन केला, या आता. गणपती तोंडावर आले होते, आईचं ऑपरेशन झालं होतं आणि ती बहिणीकडे राहिली, पण मी हटलो नाही आणि बरंच झालं, पट्ट्या आजही सपाट आहेत.

तळमजला असेल तर कोब्याच्या खालीही प्लास्टिक हवंच, जमिनीची ओल कितीही थांबलात तरी वर येत राहते.

कोबा ताब्यात घेताना दोन मीटरची सरळ पट्टी सगळीकडे फिरवून बघा, खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर पैसे देण्याआधी घासून किंवा भरून घ्या. कोटेशनमध्ये जाडी इंचात लिहून घ्या, नुसतं "कोबा" लिहिलं की दीड इंचात उरकतात.

आणि हो, ठिय्ये मारायच्या आधीच हिशेब करा, 8 मिलिमीटरची पट्टी आणि 2-3 मिलिमीटरचा फोम धरून कोबा बाहेरच्या फरशीपेक्षा तेवढाच खाली ठेवायचा, नाहीतर दार खालून तासावं लागतं आणि उंबऱ्याशी चढ राहतो तो राहतोच.